तोंडातलं मेण

कापसाला भाव आला की माणसांच्या पाठी मोडतात, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली, हे मात्र अजून रंगवून रंगवून सांगतात. ते कापसाचे गठ्ठे गाडीत चढवले कोणी, आणि रेल्वे अकोल्याला अजून पोचायची होती तेव्हा खाचखळग्यांतून गाड्या हाकल्या कोणी, असं विचारा, सगळे गप्प. त्या गाडीवानांच्या आणि हमालांच्या आखडलेल्या पाठी नत्थुजीकडे येत.

नत्थुजी जातीनं म्हाली, म्हणजे न्हावी. पण हजामतीत त्याचं मन नव्हतं. त्याचा हात शिंगी लावण्यात. अकोल्याच्या बाजाराजवळ एका चिंचेखाली त्याची बैठक होती. शिंगी म्हणजे गाईचं पोकळ शिंग, टोकाला बारीक भोक असलेलं. दुखऱ्या जागी वस्तऱ्याच्या टोकानं बारीक चिरा द्यायच्या, शिंगाचं रुंद तोंड त्यावर दाबायचं आणि टोकाला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची. हवा संपली की गालात धरलेली मेणाची गोळी जिभेनं पुढे सारून भोक बुजवायचं. मग शिंग कातडीला धरून राही आणि आत काळं रक्त साचे. ओढताना थोडं रक्त तोंडात येईच, ते थुंकायचं. शेवटी त्याच गोळीतलं चिमूटभर मेण बोटावर घेऊन चिरांवर चोपडायचं, म्हणजे माशी बसत नाही. त्याचा बाप असंच करी, आजाही असंच करी. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

मेणाला त्या घराण्यात मोठा मान. घरात मूल जन्मलं की घरातल्या सगळ्यांत लांब दमाच्या माणसानं आपल्या तोंडातलं मेण काढून बाळाच्या ओठांना आणि हिरड्यांना लावायचं. मधाचं बोट नंतर, मेण आधी. त्यानं पोराचा दम वाढतो, रडताना ते काळंनिळं पडत नाही, आणि पुढं धंद्याला लागलं तर शिंगी त्याच्या ओठांना वश होते, अशी त्यांची समजूत. नत्थुजीच्या आजानं नत्थुजीला लावलं होतं, नत्थुजीच्या बापानं जमुनाला. जमुना ही नत्थुजीची एकुलती एक लेक. ती अमरावतीला दिलेली होती आणि पहिलटकरीण होती.

नत्थुजीची बायको मैनाबाई. ती बायकांना शिंगी लावी. तिचं शिंग वेगळं, तिचं मेणही वेगळं. "आमचे हे लोकांचं रक्त ओढतात अन् मी यांचं," असं ती स्वतःच म्हणे आणि स्वतःच हसे. जिभेला हाड नसलेली बाई, पण मनानं सरळ. दोघं दिवसभर भांडत आणि रात्री एकाच ताटात जेवत.

माघात नत्थुजीच्या खालच्या ओठावर, शिंगी टेकते तिथंच, एक फोड उठली. फुटली, आणि खाली तुरीच्या दाण्याएवढं टणक काहीतरी राहिलं. दुखत मात्र नव्हतं.

"चुना लागला," नत्थुजी म्हणाला. तंबाखूवर तो चुना जरा सढळच घेई, त्यामुळे ओठ कायम फुटलेले असत. मैनाबाईनं तूप लावलं. फोड जाईना. गळ्याखाली गाठी आल्या.

त्या वर्षी मोर्णा नदीपलीकडे नाचणाऱ्या बायकांच्या कनाती लागल्या होत्या. कापसाचा पैसा जिथं जातो तिथं त्या येणारच, त्यात त्यांचा काय दोष? पण कनातींबरोबर गरमी आली. गरमी म्हणजे उपदंश, तो रोग ज्याचं नाव घरात घेत नाहीत. चार गाडीवान चिंचेखाली बसून त्याच्याच गोष्टी कुजबुजत. एक दिवस त्यांतला एक नत्थुजीच्या ओठाकडे बघून डोळा मारून हसला, आणि मैनाबाई नेमकी भाकर घेऊन तिथं आलेली होती. तिनं ते हसणं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला धरून ताहेर हकिमाकडे नेलं. म्हातारा हकीम भला माणूस. त्यानं ओठ उलटवून पाहिला, गाठी चाचपल्या, मैनाबाईला जरा बाहेर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"नत्थुजी, बुरा नका मानू," हकीम म्हणाला. "ही गरमी हाय."

"कुठून यील गरमी?" नत्थुजी उखडला. "मी कुठंच गेलो नाई!"

"गरमी एकाच जागेहून येते, बापा. दुसरीकून येत नाई. आता तुमीच समजा."

नत्थुजीनं थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग ही गरमी नाईच. मी गेलोच नाई तर ते येईन काहून?"

त्या संध्याकाळी मैनाबाईनं आपलं अंथरूण चुलीजवळ नेलं आणि ताट वेगळं वाढलं. आज मागं वळून पाहिलं तर वाटतं, त्या रागानंच तिला वाचवलं. पण तेव्हा तो नुसता राग होता, आणि नत्थुजी त्यात होरपळत होता.

"एकदा तरी म्हण, की माझा नवरा चोख हाय," तो जेवताना म्हणे. "दुनियेले काय म्हणायचं ते म्हणू दे. तू म्हण."

"आरशात पाय आधी थोबाड," ती म्हणे.

आणि मग गंमत पाहा, चैत्रात ती फोड आपोआप बरी झाली. औषध नाही, धुरी नाही, पथ्य नाही. नत्थुजी बाजारभर ओठ दाखवत फिरला. गरमी कधी अशी जाते का? हकीम खोटा पडला, बायको खोटी पडली! वैशाखात त्याच्या तळहातांवर तांबूस ठिपके उठले आणि घसा बसला, तेव्हा तो म्हणाला ऊन बाधलं. अकोल्याचं ऊन कोणाला बाधत नाही? तोंडात आतून पांढुरके चट्टे होते, पण ते दुखत नव्हते, आणि न दुखणारी गोष्ट आपला माणूस रोगात धरत नाही. तो रोज चिंचेखाली बसत राहिला, शिंगी ओढत राहिला, चिरांवर मेण चोपडत राहिला.

ज्येष्ठात जमुना माहेरी बाळंत झाली. मुलगा. गोरापान, डोकंभर जावळ. सुईणीनं आंघोळ घालून आजीच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर नत्थुजीला आवाज दिला, "या आता, मेण लावा!"

नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून आला. मैनाबाई नातवाला जमुनाजवळ ठेवून उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"त्या तोंडाचं मेण माया नातवाले लागणार नाई."

"अवं, पोरीसमोर काय बोलून राहिली तू?"

"पोरगी झोपली हाय. अन् उठली तरी बोलीन. ज्या तोंडानं तुमी तिकडं गेले, ते तोंड या लेकराले नाई लागू देणार."

रोग चिकटेल म्हणून ती अडवत नव्हती. रोग कसा चिकटतो हे त्या घरात कोणाला ठाऊक होतं? ती पापाला अडवत होती. आणि नत्थुजीजवळ पाप नव्हतं. तो आत गेला, देवघरातून बेलाचं पान आणि भंडारा घेऊन आला, आणि मुठीत धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"खंडोबाची आन. या नातवाची आन. तुया बिगर दुसऱ्या बाईले मी हात लावला असंन तर माया हातपाय झडून पडो. मी गेलो नाई, मैना. माघात नाई, त्याच्या आधी नाई, कवाच नाई."

त्याच्या बसक्या आवाजात घोगरेपणा होता आणि डोळ्यांत पाणी. नत्थुजीला खोटं बोलता येत नसे; साधी उधारी नाकारायची तरी तो कान खाजवी आणि पकडला जाई. आज कान खाजवला नाही. मैनाबाईचा त्याच्यावर विश्वास बसला. महिनोन्‌महिने छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलावा तसं तिला वाटलं, आणि ती दारातून बाजूला झाली.

मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त चीड येते ती इथं. तो माणूस खरोखर कनातीत गेला असता, तर स्वतःच्या तोंडाला भ्याला असता. काहीतरी निमित्त काढून त्यानं मेण टाळलं असतं. तो गेला नव्हता, म्हणून भ्याला नाही. त्यानं गालातलं मेण काढलं, बोटावर मऊ केलं आणि नातवाच्या इवल्या ओठांना, हिरड्यांना नीट, प्रेमानं लावलं.

"घे बापू," तो म्हणाला. "लांब दमाचा हो."

बारसं झालं, पाळणा हलला. मग बाळाच्या ओठाच्या कडेला फोड आली. मैनाबाईनं ती बोटानं चाचपून पाहिली. तीच जागा, तसाच टणक दाणा. थोड्या दिवसांनी बाळाच्या अंगावर ताम्रवर्णी पुरळ फुटलं, नाक चोंदलं, दूध ओढताना ते गुदमरू लागलं. आणि मग जमुनाच्या उजव्या स्तनावर, बाळ तोंड लावी तिथं, चीर पडल्यासारखा व्रण झाला. तोही दुखत नव्हता.

मैनाबाई नवऱ्यावर धावून गेली. आजवर ती भांडली होती ती लटकी भांडणं. हे तसं नव्हतं.

"खंडोबाची खोटी आन खाल्ली तुमी! नातवाच्या डोक्यावर खोटी आन खाल्ली! मी दारात उभी होती. मी हटली काहून? मायं टाळकं फिरलं होतं काय?"

नत्थुजी भिंतीला टेकून खाली बसला. बाळाला गरमी होती, हे आता त्यालाही दिसत होतं. ती त्याच्या तोंडातून गेली, हेही दिसत होतं. म्हणजे त्याला गरमी होती. आणि गरमी एकाच जागेहून येते.

"मैना," तो हळूच म्हणाला, "मी झोपेत उठून कुठं गेलतो काय गं? तू पायलं होतं काय मले कवा जाताना?"

ती थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता. मैनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं रडायला लागली.

श्रावणात बाळ गेलं. पावसाची झड लागलेली होती, म्हणून पुरायला न्यायला उशीर झाला, आणि जमुना तोवर ते मांडीवरून खाली ठेवीना. ते गेल्यावर ती बोलायचीच थांबली.

त्याच सुमारास तिचा सासरा खुशालराव बाळंतविडा घेऊन अमरावतीहून निघाला होता. घरी पोचला तर पाळणा रिकामा. त्यानं सुनेच्या अंगावरचं पुरळ पाहिलं, तळहात पाहिले. तोही म्हालीच, शेकडो अंगं बघितलेला माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. तो पाणीसुद्धा न पिता परत फिरला. पोळा झाल्यावर निरोप आला की अमरावतीला जातीचे पंच बसणार आहेत, पोरीला घेऊन हजर व्हा. सून माहेरी राहून बिघडली, असं त्याचं म्हणणं होतं. पंचांनी ते मानलं तर जमुनाला नवरा नाही, जात नाही, उभं राहायला उंबरा नाही. अंगात रोग घेऊन ती एकोणीस वर्षांची पोर कुठं जाणार होती? मोर्णेपलीकडच्या कनातीतच.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी इनायतुल्ला आला. हा अकोटचा गाडीवान, वयानं पोक्त, दाढी पिकलेली, पाच वेळा नमाज पढणारा. वैशाखात त्यानं नत्थुजीकडून पाठीला शिंगी लावून घेतली होती. तो आत येईना, अंगणात उभा राहून म्हणाला, "नत्थुजी, एक चीज दाखवतो. तुमी कोणाले सांगू नका."

त्यानं अंगरखा वर केला. पाठीवर जिथं जिथं शिंगी बसली होती, तिथं तिथं चिरांवर व्रण होते. तसेच टणक, तसेच न दुखणारे. बाजूला तांबूस ठिपके.

"ताहेर हकीम म्हणते गरमी हाय," म्हातारा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "या उमरीत? मी गाडीखाली झोपणारा माणूस. खुदा गवाह हाय, मी ते कनातीचं कापडबी पायलं नाई. घरी दोन सुना हायत. त्यायले काय तोंड दाखवू? अन् पाठीवर कशी येते हो गरमी? तिकडं जाणारे काय पाठीनं जातात?"

मैनाबाई पाठीकडे बघत होती. शिंगीच्या जागा तिला झोपेतही ओळखता आल्या असत्या. मेण कुठं चोपडतात, किती चोपडतात, तेही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून नुसताच बघत होता, मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मेण," तो म्हणाला. "माया तोंडातलं मेण. म्हंजे माया तोंडातबी ते असंच... कोणाच्या तरी रक्तातून..."

"हो," मैनाबाई म्हणाली.

"म्हंजे मी नाई गेलो!" तो एकदम हसला. किती भयंकर हसणं ते! "मैना, मी नाई गेलो कुठं! झोपेतबी नाई!"

आणि मग तो हसता हसता थांबला, कारण त्याला पाठी आठवल्या. माघापासूनच्या सगळ्या पाठी. किती जणांना शिंगी लावली, कोणाकोणाच्या चिरांवर ते मेण चोपडलं, आणि ते सगळे कुठले होते? कोणी दर्यापूरचा, कोणी कारंज्याचा, कोणी मोर्शीचा, कोणी नावही न सांगता उठून गेलेला. आता ते आपापल्या घरी बायकापोरांत असतील. त्यानं ओकारी काढली, अंगणातच. मग शिंग उचलून दगडावर आपटलं. ते फुटेना, तर पुन्हा पुन्हा आपटत राहिला.

मैनाबाईनं इनायतुल्लाला हात जोडले. "भाऊ, अमरावतीले चला. पंचायले पाठ दाखवा. माई पोरगी वाचंल."

म्हातारा मागं सरकला. "बाई, माफ करा. मी पाठ उघडी केली तर माया घराचं काय राहीन? लोक व्रण पायतीन, शिंगी कोणी पायणार नाई." तो निघून गेला, आणि त्याला दोष देण्याची मैनाबाईची छाती झाली नाही.

जमुनाला त्यांनी हे काही सांगितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. तिला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची? गाडीत वाटभर ती मागं बसली होती, आपल्या मोकळ्या मांडीकडे बघत. नत्थुजी बायकोला हळूच म्हणाला, "आता तरी म्हण." मैनाबाईनं मागं बसलेल्या लेकीकडे पाहिलं. तिनं ठरवलं, पंचांपुढून सुटलो की परतीच्या वाटेवर म्हणेन, हजारदा म्हणेन.

अमरावतीत मारुतीच्या पारावर पंच बसले होते. म्होरक्या महादेवराव, स्वतः नावाजलेला शिंगीवाला. त्याच्या गालात तेव्हाही मेण होतं. एका बाजूला खुशालराव आणि त्याचा मुलगा गोवर्धन, जमुनाचा नवरा. गोवर्धनचे डोळे सुजलेले होते. बायका पलीकडे बसल्या होत्या. जमुना त्यांच्यापासूनही वेगळी, एकटी.

नत्थुजीनं सगळं खरं सांगितलं. कोणा गाडीवानाचं रक्त तोंडात आलं, ओठ फुटलेले होते, तिथून गरमी लागली, ती मेणातून बाळाला, बाळाकडून जमुनाला. पोरीचा काही दोष नाही.

आधी पंच हसले. मग त्यांचं हसू मावळलं.

"शिंगीतून गरमी?" महादेवराव म्हणाला. "म्हंजे आमी सारे जे बसलो अठी, आमच्या साऱ्यायच्या तोंडात गरमी? आमच्या लेकरायच्या तोंडात? आमच्या बापानं आमाले मेण लावलं ते काय इख लावलं?"

"दादा, मी माया डोयानं पायलं."

"काय पायलं? कोण हाय साक्षीले? ऐक नत्थुजी. पोरीसाठी तू धंदा बुडवाले निघाला. उद्या हे बाजारात गेलं तर कोण पाठ देईन आमाले? सरळ सांग. तू कनातीत गेलता काय?"

"नाई."

"गेला नाई तर तुयाजवळ गरमी नाई. तुयाजवळ नाई तर लेकराले तू नाई दिली. मंग ते पोरीनंच आणली. झालं. याच्यात अजून काय विचारायचं?"

हा तर नत्थुजीचाच हिशेब होता. हकिमाच्या दारात त्यानंच तो केला होता. तो उभ्या जागी डुलला. खुशालराव म्हणाला, "पंचहो, निवाडा द्या." गोवर्धननं मान खाली घातली. जमुनानं वर पाहिलं, कोणाकडेच नाही, नुसतं वर.

"थांबा," नत्थुजी म्हणाला. "गेलतो मी."

महादेवराव पुढं सरकला.

"मोर्णेपलीकडं गेलतो. माघात. लाजेपायी खोटं बोललो. मायी पोरगी गंगेसारखी हाय. हे मायं पाप हाय, माया तोंडानं त्या लेकराले लागलं."

पंचांचे चेहरे सैल पडले. हे त्यांना कळत होतं. पापी तोंड, त्यातून नासलेलं मेण. मेणाचा दोष नाही, शिंगीचा दोष नाही, माणसाचा दोष. पण महादेवराव कच्चा नव्हता.

"कोणाकडं गेलता? नाव सांग तिचं."

नत्थुजीला नाव येईना. त्यानं कान खाजवला.

"पाय," महादेवराव म्हणाला, "हा पोरीसाठी खोटं बोलून राहिला. मैनाबाई, तुमी सांगा. बायकोले ठाव असते. हा गेलता काय?"

मैनाबाई उभी राहिली. तिच्या आधी जमुना बोलली, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. तिचा आवाज खरखरीत झाला होता.

"माय, बा असा नाई ना? खरं सांग. बानं माया लेकराले तसल्या तोंडाचं मेण लावलं?"

नत्थुजी बायकोकडे बघत होता. एवढे महिने तो तिच्याकडे एकच गोष्ट मागत होता, आणि आता तीच तिनं देऊ नये म्हणून डोळ्यांनी विनवत होता. मैनाबाईला वाटलं, आपली जीभ इथंच झडावी. तिनं पदर तोंडाशी धरला, मग सोडला, कारण तोंड झाकून बोललेलं पंच मानत नाहीत.

"खरं हाय," ती म्हणाली. "जात होते हे. मले पहिल्यापासून ठाव होतं."

पंचांनी निवाडा दिला. जमुनानं औषधपाणी करून शुद्ध झाल्यावर सासरी नांदावं. नत्थुजीला वाळीत टाकलं. त्यानं पुन्हा लेकीच्या दारात पाय ठेवायचा नाही. महादेवरावानं गालातलं मेण या बाजूचं त्या बाजूला केलं आणि पुढचं प्रकरण बोलावलं.

जमुना उठली. बापाच्या जवळून जाताना तिनं लुगड्याचा काठ आवरून घेतला, त्याला लागू नये म्हणून, आणि सासूमागं चालायला लागली. नत्थुजी ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "बरं झालं. चाल."